रेमेतची डोलकाठी

वर बघा. छपराचे बाकीचे वासे चौकोनी तासलेले आहेत, मधलं आढं तेवढं गोल आहे. ती होडीची डोलकाठी आहे. आम्ही सांदोळी बंदरचे ख्रिस्ती कोळी, चर्चला देऊळच म्हणतो. देवळावर डोलकाठी कशी चढली ते जुन्या बाया सांगत आल्या, तसं सांगतो.

फार मागे एका पावसाळ्यात वादळानं हे छप्पर पाडलं. आढं मधोमध मोडलं, कौलं खाली आली. वेदीवरची रोझरीमाता मात्र अंगावर कौलांचा चुरा घेऊन तशीच उभी होती म्हणे. लोकांनी तिच्यावर माडाचे झाप घातले, तरी पाणी गळायचंच. बंदर गरीब. तेव्हाच्या फादरनी ठरवलं, ऑक्टोबरात, रोझरीच्या महिन्यात, माऊलीला पालखीतून घरोघर न्यायचं. प्रत्येक घरी माळ जपायची आणि देवळासाठी मिळेल ते घ्यायचं. कुणी सुके बोंबील दिले, कुणी नारळ, एका म्हातारीनं कानातलं काढून दिलं. त्यातून कौलं आली, चुना आला. आढ्याजोगं लांब, सरळ सागवान मात्र काही केल्या मिळेना.

रेमेत ही बस्त्याव नाखव्याची बायको. नवीन संसार. बस्त्यावनं आदल्या साली होडी बांधली होती, डोलकाठीचं लाकूड स्वतः रानात जाऊन निवडलं होतं. रोझरीच्या त्याच महिन्यात तो धाकट्या भावाला घेऊन समुद्रावर गेला आणि वारं फिरलं. बाकीच्या होड्या परतल्या, त्याची दिसेना. रात्री पालखी देवळात परतल्यावर रेमेत झापांखालच्या माऊलीपुढं गुडघे टेकून बसली. म्हणाली, "माझा माणूस घरी आण. त्याची डोलकाठी तुझ्या छपराला देईन."

होडी आली. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी गाळात रुतलेली सापडली. शीड फाटलेलं, डोलकाठी ताठ, आत कुणी नाही. दोघा भावांचे देहसुद्धा मिळाले नाहीत. पुरायला काही नव्हतं.

पुढं पालखीची पाळी त्याच घराची. लोक कुजबुजले, हे घर यंदा सोडू या. पण बस्त्यावची आई दारात येऊन म्हणाली, "माऊलीला माझ्या दारावरून परत नेऊ नका." पालखी आत गेली. फादरनी सुरुवात केली, "नमो मरिया..."

"थांबा, फादर," रेमेत म्हणाली. "मला मागायचं ते मी मागून बसले. आज हिच्याकडं काही मागू नका."

फादरनी माळ मुठीत मिटली. सगळे गप्प बसले. सासू तेवढी पदर तोंडात धरून हुंदके देत होती.

पालखी उचलायच्या वेळी रेमेत उठली. "होडीवरची डोलकाठी काढून न्या," म्हणाली.

गावच्या पाटलांना राहवलं नाही. "पोरी, बस्त्याव आला नाही. तुझा नवस उरलाच नाही. काठीसकट होडी विकलीस तर तुम्ही दोघी पोटाला खाल."

"हिनं माझं ऐकलं नाही, पाटील," रेमेत म्हणाली. "म्हणून ही पावसात भिजत राहावी, असं मला नाही वाटत."

पाटलांनी टोपी काढली आणि ते बाहेर गेले.

काठी चढली, छप्पर झालं. बिनकाठीची होडी कुणी घेतली नाही, वाळूवर पडून कुजली. रेमेत टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकत हिंडली, सासूला शेवटपर्यंत सांभाळलं. सुतारानं काठी तासायला घेतली तेव्हा तिनंच त्याचा हात धरला म्हणे. शिडाचा दोर ओढून ओढून काठीला एक खाच पडली होती. बस्त्यावच्या हातची. दर रविवारी ती बरोबर त्या खाचेखाली बसायची आणि मान वर करून बघायची. माळ हातात असायची, ओठ मात्र कधी हलले नाहीत. म्हातारी होऊन गेली तरी नाहीत.

आजही ऑक्टोबरात माऊली घरोघर जाते, देवळाच्या डागडुजीसाठी दान गोळा होतं. पण ज्या घरी त्या वर्षी माणूस गेलं असेल, तिथं दानाचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवतात. आत माऊलीला बसवतात आणि घरच्या बाईनं "नमो मरिया" म्हणायची वाट बघतात. तिनं म्हटलं तर मागून सगळे म्हणतात. गेल्या साली कोंसूच्या घरी आम्ही पार दिवेलागण होईपर्यंत बसलो. पोरगा गेला होता तिचा. ती काही बोलली नाही. आम्हीही नाही.