हलू नका, चित्र चाललंय

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका नगरात एक चितारी राहत होता. त्याने काढलेली चिंच बघितली तरी बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

एकदा राजाने त्याला बोलावलं. "महालात लढायांची चित्रं पुष्कळ झाली. आता जेवणघरासाठी सुखी घराचं चित्र काढ."

चितारी खुशीत परतला. सुखी घर शोधायला लांब कशाला जायचं? घरात बायको होती, म्हातारे वडील होते आणि नुकती भिंत धरून उभी राहू लागलेली लेक होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच हुकूम सुरू झाला. बायको भाकरी थापायला बसली, की "हलू नकोस!" तव्यावरची भाकरी करपून जायची. वडिलांनी अडकित्ता उचलला, की "बाबा, हात तसाच!" म्हाताऱ्याचा हात भरून यायचा. ते पुटपुटायचे, "अरे, दात आहेत तोवर सुपारी खाऊ दे की!"

एकदा लेक भिंत सोडून पाऊल टाकणार, तोच बाप ओरडला, "हलू नकोस!" पोर दचकून मटकन खाली बसली.

बसली ती बसलीच. तिच्या बरोबरीची पोरं अंगणभर दुडदुडू लागली, ही जागची उठेना. तेल चोळून झालं, वैद्याचा लेप झाला. सुताराकडून पांगुळगाडा आणला, तर त्याला धरून चालायचं सोडून पोर नुसती चाकं न्याहाळत बसायची.

आणि एक दिवस ती पहिल्यांदा बोलली. आईला वाटलं, आता "आई" म्हणणार. पोर म्हणाली, "हलू नको!"

त्याच दिवशी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. विरजणाचं नुसतं निमित्त, त्यांना चित्र बघायचं होतं.

"छान आहे हो," काकू म्हणाल्या. "पण भाकरी थापतेय आणि बांगड्या मनगटावर? थापताना आपण त्या वर सारतो. ही भाकरी करत नाहीये, हे कधी संपतंय याची वाट बघत बसलीय."

"काकू, विरजण मिळालं ना?" चितारी फणकारला.

"मिळालं, मिळालं." दारातून काकू आईला हळूच म्हणाल्या, "अगं, पोरीचे पाय धड आहेत. पण या घरात तिला चालणारं माणूस दिसतंय कुठे?"

ते बोलणं आईच्या मनातून जाईना. सकाळी तिने बांगड्या वर सारल्या आणि भाकरी थापायला घेतली.

"हलू नकोस!"

"हलणार," ती म्हणाली. "अहो, राजाचं चित्र राहिलं तर राहू दे. माझी पोर चालली पाहिजे." तिने भाकरी उलटली, उठली, माठातून पाणी आणलं. सासऱ्यांनीही धीर करून सुपारी तोंडात टाकली.

चितारी कुंचला उगारून पुढे आला. तोच भिंतीपाशी लेक उभी राहिली. बापाकडे बोट दाखवून ठसक्यात म्हणाली, "हलू नको!"

बाप जागीच थिजला. कुंचल्यातला रंग त्याच्या पायावर ठिबकत राहिला. पोरीने एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि झुलत झुलत येऊन ती त्याच्या धोतराला बिलगली.

"अगं, चालली! बघितलंस?"

"बघितलं," डोळे पुसत बायको म्हणाली. "आणि तुम्हीही बघितलंत, हे बरं झालं."

चिताऱ्याने जुनं चित्र पुसलं. काही दिवस त्याने कुंचल्याला हात लावला नाही. बायकोला पाणी आणून दिलं, पांगुळगाडा ढकलला, सगळ्यांसोबत गरम भाकरी खाल्ली. मग आठवून आठवून नवं चित्र काढलं. त्यात बांगड्या वर सारलेल्या होत्या, वडिलांचा गाल सुपारीने फुगला होता आणि लेकीचं एक पाऊल अधांतरी होतं.

राजाने ते खूप वेळ पाहिलं. मग हुजऱ्याला म्हणाला, "आज माझं ताट एकट्याचं मांडू नका. मुलांना हाक मारा."

तात्पर्य: घरातलं सुख थांबवून बघू नये, त्यात मिसळून बघावं.