अंबादास मुलगी बघायला आला

एका गावात एक भोळा वॉचमन होता. खरं तर तो गावात नव्हता, हीच त्याच्या आईची तक्रार. हिंगणवाडीचा अंबादास सात वर्षं पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर होता. सांगितलेलं काम चोख करायचा. "अनोळखी माणसाला आत सोडू नको," असं सांगितल्यावर त्यानं मिशी काढून आलेल्या चेअरमनना तासभर गेटबाहेर उभं केलं होतं.

बत्तीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. शेवटी शेजारच्या गावची मुलगी सांगून आली. नाव संजीवनी. अंबादासनं फोनवर तिचा फोटो पाहिला आणि त्या दिवशी जेवायचंच विसरला. चार दिवसांची रजा काढून तो गावी आला.

घराचं दार उघडं होतं. अंबादास बाहेर उभा राहून बेल शोधू लागला. बेल नव्हती. मग तो बॅगेवर बसून राहिला. दीड तासानं आई परसातून आली.

"आरं, भाईर का बसलास?"

"बेल नाही."

"गावात कसली बेल! दार उघडं दिसलं की सरळ आत शिरायचं."

"बरं," अंबादास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला शेवंताकाकूंचं दार उघडं दिसलं. काम काही नव्हतं, पण दार उघडं होतं. तो सरळ आत शिरला. काकूंनी सोप्यात कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांचा भुगा झाला.

"मुडद्या, खाली बघून चालावं की!" आई म्हणाली.

"बरं."

तो खाली बघत निघाला. पारावर रावजीतात्या बसले होते. स्थळ त्यांनीच आणलं होतं आणि मुलगी बघायलाही तेच सोबत येणार होते. त्यांनी दोनदा राम राम घातला. अंबादास खाली बघत पुढे गेला.

"पुण्याला गेला आन् शिंगं फुटली," तात्यांनी गावभर सांगितलं.

आईनं कपाळाला हात लावला. "आरं, माणूस दिसलं की थांबवावं. कुठं निघालासा, कशाला निघालासा, कवा येणार, आपुलकीनं इचारावं. पुण्यात न्हाईत का इचारत?"

"विचारतो की. वहीत लिहून घेतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या तांब्या घेऊन घाईघाईनं ओढ्याकडे निघाले होते. अंबादास हात पसरून आडवा आला.

"कुठं निघालासा, तात्या?"

तात्यांनी तांब्या दाखवला.

"कशाला?"

"आरं, सोड मला!"

"कवा येणार?"

पुढचं सांगण्यासारखं नाही. घरी जाऊन धोतर बदलल्यावर तात्यांनी निरोप धाडला, "मी काय याच्यासंगं पाव्हण्यांकडं येत न्हाई."

आता मायलेकांनीच जायचं होतं. निदान काकूंचा राग तरी जावा म्हणून आईनं त्याला माफी मागायला पाठवलं. काकू मनानं मोठ्या. म्हणाल्या, "च्या टाकू का रं?"

"टाका. आलं घाला. खारी असेल तर चार द्या."

त्याचीही चूक नव्हती. त्याच्या सोसायटीत चहाचं एकदाच विचारायचे, आणि नको म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा उजळायचा.

काकूंनी हे आईच्या कानावर घातलं. आई रडकुंडीला आली. "पाव्हण्यांच्यात असं केलंस तर पोरगी हातची जाईल, लेका. नीट ऐक. कुणी काय बी इचारलं तरी लगीच हो म्हणायचं न्हाई. हावरट दिसतं. तीनदा नको म्हणायचं. चौथ्यांदा आग्रह झाला की मगच हो."

अंबादासनं ते बोटांवर मोजून पाठ केलं.

चौथ्या दिवशी मायलेक पाहुण्यांकडे गेले. पाणी आलं. अंबादासला तहान लागली होती, तरी तीनदा नको म्हणाला आणि चौथ्यांदा तांब्या रिकामा केला. पोह्यांचंही तसंच. "पोरगा लाजाळू हाय," संजीवनीचे वडील उत्तमराव खुशीत म्हणाले. आईला धन्य वाटलं. ती निर्धास्त होऊन बायकांबरोबर आत गेली.

संजीवनी चहा घेऊन आली. फोटोपेक्षा छान होती. त्याच्याकडे बघून हसलीसुद्धा. अंबादासला जन्मात कुठलीच गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती.

ती आत गेल्यावर उत्तमरावांनी विचारलं, "मग पाव्हणं, पसंत हाय न्हवं? सुपारी फोडायची?"

"नको, नको," अंबादास म्हणाला आणि मांडीखाली एक बोट दुमडलं.

उत्तमराव चपापले. "आजचा दिवस चांगला हाय. फोडूया की."

"छे, खरंच नको."

आतल्या बांगड्यांचा आवाज थांबला. उत्तमरावांनी घसा साफ केला.

"म्हंजे... नकोच?"

"नकोच!" अंबादासच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तीन झाले होते.

उत्तमराव उठले. खुंटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर घातली आणि खाली बघत म्हणाले, "मग दहा मिन्टात एसटी हाय. निघताय का?"

अंबादास लाजला. त्यानं मान डोलावली.

"बरं," तो म्हणाला, "आता तुम्ही एवढा आग्रहच करताय, तर हो!"