दगड झालेलं पाणी

सात पर्वतांच्या पल्याड, एका राज्यात, वज्रकेतू नावाचा राजा होता. सोमशील त्याचा धाकटा भाऊ. राजा रथातून निघाला की प्रजा मान लववी. सोमशील पायी निघाला की लेकरं त्याच्याभोवती गोळा होत, म्हाताऱ्या त्याची दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडीत. वज्रकेतू सज्ज्यातून पाहत राही आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

एके दिवशी खजिन्यातलं नागरत्न नाहीसं झालं. प्रधान दुर्धराने ते सोमशीलाच्या शय्येखालून काढून दाखवलं. भाऊ चोर नाही, हे राजाच्या मनाला ठाऊक होतं. पण त्या मनाला त्याने बोलू दिलं नाही. राजाच्या खजिन्यात चोरी केली तर देहान्त, असा कायदा होता. एका मांत्रिकाने घडवलेली राजाची तलवार उचलली गेली आणि सोमशीलाचं मस्तक धुळीत पडलं.

तत्क्षणी राज्यातलं पाणी दगड झालं. नद्यांतलं, विहिरींतलं, घरोघरच्या घागरींतलंसुद्धा. आणि नागरत्नाला वाचा फुटली. म्हणालं, "मला तिथे प्रधानाने ठेवलं."

लोक दव टिपून जगू लागले आणि दुर्धराचा जीव मागू लागले. राजाने तलवार उपसली, तोच एक भारद्वाज पक्षी पात्यावर येऊन बसला.

"राजा, याच्या रक्ताने पाणी वितळणार नाही. हरवलेल्या तीन गोष्टी परत आण. मग शिक्षा कर."

पहिली, जखिणीने चोरलेली एका कुंभाराची सावली. राजाने आपला मुकुट देऊन ती सोडवली. दुसरी, राक्षसाने गिळलेलं गाव. राजाने झोपलेल्या राक्षसाचं पोट चिरलं; गाव बाहेर आलं, चुली अजून पेटलेल्याच होत्या. गावकऱ्यांनी राजाला ओवाळलं, आणि धाकटे राजे कुठे आहेत म्हणून आवर्जून विचारलं. राजाला मेलेल्या भावाचाही हेवा वाटला. मग त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"तिसरी कोणती?" त्याने पक्ष्याला विचारलं.

"सोमशील."

राजा यमपुरीच्या वेशीपर्यंत चालत गेला. राक्षसाचं पोट फाडणाऱ्या हातांनी त्याने दार लोटलं, ओढलं. ते हललं नाही. हे दार फक्त मेलेल्यांना आत घेण्यासाठी उघडतं, कोणाला बाहेर सोडण्यासाठी नाही, एवढंच द्वारपालाने सांगितलं.

राजा रिकाम्या हाताने परतला. दरबार भरला. दुर्धर साखळदंडात उभा होता.

"रत्न याने ठेवलं," राजा म्हणाला, "पण भावाचा मत्सर मी केला, म्हणून चौकशी न करता त्याला मारलं. जे मला परत देता येत नाही, ते मी यापुढे कोणाकडून घेणार नाही. याच्याकडूनही नाही."

"मग सोमशीलाला न्याय कसला?" एका म्हातारीने विचारलं.

"हा जन्मभर बंदिवासात राहील, आजी. मी जन्मभर तुम्हाला उत्तर देत राहीन."

दरबारातून तो नदीकाठी गेला आणि त्याने तीच तलवार दगडी नदीवर आपटली. पातं तुटलं, नदीला तडा गेला आणि पाणी खळाळत सुटलं. त्या दिवसापासून त्या राज्यात राजाज्ञेने कोणाचा जीव गेला नाही.

लोक काठावर वाकले. पहिली ओंजळ उचलताना त्यांनी सोमशीलाचं नाव घेतलं. राजाच्या काळजात हेव्याची जुनी कळ उठली. तो निघून गेला नाही. शेवटची घागर भरेपर्यंत उभा राहून ते नाव ऐकत राहिला.