मुकिंदाची जप्ती

"मशीनच उचल. नवी सून अबोल आहे, तोंड उघडायची नाही."

सरपंच तात्या खिडकीबाहेर मुकिंदाला म्हणाले. खिडकीआड ती सून, शेवंता, ब्लाऊजला हुक लावत होती. घरपट्टी थकली होती चारशे रुपये. शिलाई मशीन होतं पाच हजारांचं, आणि घर चालत होतं त्याच्यावरच.

पंचायतीचा शिपाई मुकिंदा भलता भोळा. सांगाल ते करणार, फक्त भलत्याच जागी. तो आत आला आणि मशीनला मिठी मारून उभा राहिला.

शेवंताचे सासरे म्हणाले, "मुकिंदा, घटनेत लिहिलंय. कायदा सोडून कुणाची वस्तू नेता येत नाही. नोटीस कुठाय?"

मुकिंदा हात हलवत परत गेला. तात्या चिडले. "येड्या, आधी नोटीस लावायची. पंधरा दिवस थांबायचं. मग उचलायचं."

"बरं, तात्या."

संध्याकाळी पंचायतीनं अर्धवट सोडलेल्या गटारात तात्या पडले. मुकिंदानं त्यांच्या पाठीवर नोटीस चिकटवली आणि काठावर बसला.

"अरे, उचल की मला."

"पंधरा दिवस, तात्या."

शेवटी गावानं काढलं. तात्या चिखल पुसत म्हणाले, "गाढवा, माणूस दिसला की आधी उचलायचा. कागद मागनं."

"बरं, तात्या."

सकाळी मुकिंदानं शेवंताच्या सासऱ्यांना खांद्यावर टाकून पंचायतीत आणलं. सासरे खांद्यावरूनच म्हणाले, "आलोच आहे तर सांगतो. कारागिराचं हत्यार जप्त होत नाही. कायद्याचं पुस्तक बघा."

तात्यांनी पुस्तक बघितलं. तसंच होतं. मग पुस्तक आपटून ते मुकिंदावर ओरडले, "ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात लावू नको. यादी घे, सगळ्यात मोठ्या थकबाकीपासनं सुरू कर. घरात जे नुसतं बसून असेल ते उचल, चावडीपुढं लिलाव कर, जास्तीचं परत कर."

"बरं, तात्या."

यादी तात्यांनी कधी वाचली नव्हती. पहिलं नाव त्यांचंच, सात वर्षांची घरपट्टी. नोटीस मात्र त्यांना मिळालेली होती, पाठीवर.

पंधरा दिवस मोजून मुकिंदा त्यांच्या घरी गेला. बैल कामाचे, सोडले. चूल पेटलेली, सोडली. काकू भाकऱ्या थापत होत्या, त्यांनाही सोडलं. ओसरीवर खुर्ची होती, खुर्चीत तात्या होते. दोघंही नुसतेच बसलेले.

चावडीपुढं सगळा गाव जमला.

"बोला, एक खुर्ची. वर तात्या."

कुणी बोलेना. तात्याच कळवळून म्हणाले, "अरे, कुणीतरी बोला."

तेव्हा शेवंता पदर सावरून पुढं आली.

"खुर्चीचे दोनशे देते. वरचं जास्तीचं आहे, ते परत करा."