खुराड्याची कडी

"आणि कडी कोणत्या बाजूला?"

मिस्कीनशाह फकिरांनी विचारले.

"बाहेरच्या बाजूला, बाबा. खुराड्याची कडी बाहेरच असते."

"आतून नको?"

मार्तंडराव हसले. बाबांनी कधीमधी असा भोळा प्रश्न करावा आणि आपण त्याचे उत्तर द्यावे, हे त्यांना मनापासून आवडत असे.

"आत राहणाऱ्याला बाहेरचा धोका कळत नसतो, बाबा. त्याचे भले ज्याला कळते, त्याच्याच हाती कडी असावी."

वाक्य चांगले साधले होते. येत्या गुरुवारी ते मंडळींना ऐकवावे, असेही त्यांच्या मनात येऊन गेले.



गावाबाहेरच्या टेकाडावर, एका जुन्या चिंचेखाली बाबांचा तकिया होता. एक खोली, एक ओटा, पाण्याचा एक रांजण. नवस फेडायला येणारी माणसे तिथे कोंबडी सोडून जात. सोडलेल्या कोंबडीला कोणी कापीत नसे, कोणी विकीत नसे. ज्याला पाळायची असेल त्याने बाबांकडे मागावी, आणि बाबांनी एकच गोष्ट विचारावी... ठेवशील कुठे?

मार्तंडराव खडके त्या दिवशी चार कोंबड्या मागायला आले होते.

मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले, त्यालाही आता काही वर्षे झाली होती. बाबा दिवसाकाठी एखाददुसरे वाक्य बोलत; त्या वाक्यांचा अर्थ गुरुवारी जमलेल्या लोकांना उलगडून सांगण्याचे काम मार्तंडरावांनी आपल्याकडे घेतले होते. ते त्यांना कोणी दिले नव्हते. कोणी काढूनही घेतले नव्हते.

"खुराडी किती पाहिलीस?"

"तीन पाहिली. एक बाजारात मिळते ते, तारेच्या जाळीचे. त्यातून वारा खेळतो. पण साप शिरेल. दुसरे पत्र्याचे. मजबूत आहे, उन्हाळ्यात मात्र आतला जीव भाजून निघेल. तिसरे लाकडी. आमच्या सुताराने करून दाखवले. खाली चार पाय, वर लहानशी कौले, पुढे नक्षीची चौकट. ते बागेत, फाटकाजवळ ठेवावे म्हणतो. येणाऱ्याजाणाऱ्यालाही दिसेल."

ओटा झाडता झाडता हुसेनबी थांबली. ही म्हातारी तकियाची झाडलोट करी आणि बाबांना भाकरी भाजून देई. तिच्या जिभेला बाबांनीही कधी आवर घातला नव्हता.

"मास्तर, कौलांचे घर कोंबड्यांना? माझ्या खोपटावर अजून उसाचे पाचट आहे. कोंबड्या राहू द्या, मलाच न्या की!"

"तू अंडी देणार असशील तर ये," मार्तंडराव म्हणाले.

"अंडी नाही देणार, पण पहाटे आरवेन. तुमच्या आईंना सोबत होईल." ती पुन्हा झाडू लागली. "आणि त्यांना हल्ली आणत का नाही हो इथे? पूर्वी यायच्या तेव्हा पदरात दाणे घेऊन यायच्या. सगळी कोंबडी त्यांच्या मागे."

"वय झाले. निजून असते दिवसभर."

"निजून? त्या?"

मार्तंडरावांनी टेकाडाखालच्या रस्त्याकडे पाहिले.

ते खोटे बोलले होते.

आई निजत नव्हती. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या मनातून एकेक गोष्ट गळत चालली होती. सुनेची ओळख गेली, नातवाची गेली, मुलाचे नाव गेले. राहिल्या त्या फक्त कोंबड्या. दिवस कलला की ती उठे, पदर खोची आणि दाराबाहेर निघे.

"कोंबड्या डालायच्या राहिल्यात रे," म्हणे.

त्या कोंबड्या चाळीस वर्षांपूर्वीच्या. मार्तंडरावांना गावात शाळेची नोकरी लागली, तेव्हा त्यांनीच त्या वाटून टाकायला लावल्या होत्या. मास्तरच्या अंगणात कोंबड्यांची घाण शोभत नाही, असे ते म्हणाले होते. आईने त्या वेळी एक शब्द उच्चारला नव्हता. आज ती त्या शोधत फिरे. एकदा मोठ्या रस्त्यावर, ट्रकांच्या दिव्यांपुढे सापडली. दुसऱ्या दिवशी मार्तंडरावांनी तिच्या खोलीच्या दाराला कडी बसवून घेतली. बाहेरून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती दार ठोठावी. शेजारच्यांना ऐकू जाई. गेल्या आठवड्यात शेजारच्या वकिलाने कुंपणावरून विचारले होते, "मास्तर, घरात काही दुरुस्ती काढली आहे का?"

खऱ्या कोंबड्या आणाव्यात. तिच्या खिडकीतून दिसतील अशा आणाव्यात. सांजेला तिच्या डोळ्यांदेखत आपणच त्या खुराड्यात डालाव्यात. ठोठावणे थांबेल. मार्तंडरावांनी हा उपाय शोधून काढला होता, आणि तो शोधल्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटत होता. बाबांना यातले काही सांगण्याचे कारण नव्हते.

आज येतानाही ते कडी लावून आले होते.

"लाकडी घे," बाबा म्हणाले.

मार्तंडरावांचा चेहरा उजळला.

"माझेही मत तेच होते, बाबा."

"पण नवी जागा. कोंबडीला पहिल्या दिवशी करमणार नाही. आतून धडपडली तर?"

"धडपडेल थोडी. लक्ष द्यायचे नाही. थोडा वेळ ठोठावते, मग थकते, आणि गप्प होते."

बाबांनी मान वर केली.

"कोंबडी... ठोठावते?"



हुसेनबीच्या खराट्याचा आवाज थांबला.

"तू स्वतः कधी कोंबड्या पाळल्या नाहीस, मार्तंडा," बाबा शांतपणे म्हणाले. "मग थकते, हे तुला कसे कळले?"

...

उत्तर देण्याची सवय असलेल्या माणसाला उत्तर सुचत नाही, तेव्हा तो आधी वेळ मागतो. मार्तंडरावांनी घसा खाकरला. उपरण्याने कपाळ पुसले. रांजणाकडे पाहिले. बाबांनी त्यांना वेळ दिला. पाहिजे तेवढा दिला. त्या वेळात ऊन ओट्यावरून उतरून चिंचेच्या बुंध्याशी गेले, आणि इकडेतिकडे चरणाऱ्या कोंबड्या आपसूक ओट्याच्या कोपऱ्यात जमू लागल्या.

तिथे बांबूच्या कामट्यांचे एक मोठे डालगे होते. सांज झाली की हुसेनबी ते पालथे घालून कोंबड्या डाली आणि वर एक धोंडा ठेवी. बाबांचे खुराडे ते एवढेच.

हुसेनबी सवयीने पुढे झाली.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"बाबा, झाकायची वेळ झाली."

"राहू दे आज."

ते उठले. भिंतीला टेकवलेली काठी घेतली, आणि उघड्या कोंबड्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. एका कोंबडीने मान पिसांत घातली. दुसरी बाबांच्या गुडघ्याला टेकून बसली. कोणी कुठे गेले नाही.

मार्तंडरावांना बोलायला काहीतरी सापडले. त्यांना बरे वाटले.

"बाबा, इथे मुंगसांचा सुळसुळाट आहे. अंधार पडला की येतील."

"येतील."

"एखादी नेतील."

"मी जागा आहे."

"रात्रभर?"

"त्या उघड्या आहेत तोवर."

"अहो, पण शेजारी डालगे पडले आहे! झाका आणि मोकळे व्हा."

"हो," बाबा म्हणाले. "झाकले, की मी मोकळा."

...

मार्तंडराव तसेच उभे राहिले.

गेल्या कित्येक वर्षांत बाबांच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ त्यांनी दुसऱ्यांना सांगितला होता. हे वाक्य कोणाला सांगायचे नव्हते. ते सरळ त्यांच्यापाशी आले आणि तिथेच थांबले. कडी लावल्यावर आपण काय करतो, हे त्यांना स्पष्ट दिसले. हात झटकतो. आरामखुर्चीत बसतो. रेडिओ मोठा करतो.

रेडिओ मोठा करतो... हे त्यांनी स्वतःलाही आजवर सांगितले नव्हते.

"बाबा," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. "कडी... आईच्या खोलीला आहे."

बाबांनी वळून पाहिले नाही. त्यांचा हात कोंबडीच्या पाठीवर होता.

"कोणासाठी लावलीस?"

उत्तर तयार होते. मघाशीच दिलेले, चांगले साधलेले. आत राहणाऱ्याला बाहेरचा धोका कळत नसतो. त्याचे भले ज्याला कळते... मार्तंडरावांनी ते वाक्य ओठांपर्यंत आणले. त्यात खोटा असा एकही शब्द नव्हता. रस्ता खरा होता, ट्रक खरे होते. तरीही ते वाक्य त्यांना उच्चारता आले नाही.

"शेजारी विचारतात..." एवढेच ते म्हणाले, आणि तेही अर्धेच राहिले.

त्यांनी हुसेनबीकडे पाहिले. तिने काहीतरी बोलावे, टोमणा मारावा, खराटा उगारावा, असे त्यांना वाटले. ती बोलली असती तर तिच्यावर रागावता आले असते. पण ती म्हातारी तोंड फिरवून उभी होती. आपली लाज कोणी पाहू नये म्हणून दुसऱ्याने तोंड फिरवावे, याहून मोठी लाज मार्तंडरावांनी आयुष्यात अनुभवली नव्हती.

गुरुवारी मातृसेवेवर ते बोलत असत. बायका पदराने डोळे पुसत. त्या बायकांत हुसेनबीही असे.

"म्हणून कोंबड्या हव्या होत्या," ते खाली पाहून म्हणाले. "तिने खिडकीतून बघाव्यात आणि गप्प व्हावे म्हणून. तिला आनंद व्हावा म्हणून नव्हे, बाबा. आवाज बंद व्हावा म्हणून."

"हं."

"कौलांचे खुराडे फाटकाशी ठेवणार होतो. लोकांना दिसावे म्हणून. आणि ती कडीच्या आत..."

ते वाकले. बाबांच्या पायांवर डोके ठेवावे, थोडे रडावे, आणि बाबांनी पाठीवर हात ठेवावा. इतरांना हे करताना त्यांनी पुष्कळदा पाहिले होते.

बाबांनी पाय आखडून घेतले.

मार्तंडरावांचे हात रिकाम्या जमिनीला लागले. ते तसेच वाकलेले राहिले. तेवढ्या उंचीवरून त्यांना प्रथमच कोंबड्या नीट दिसल्या; एकमेकींना चिकटून बसलेल्या, अर्धे डोळे मिटलेल्या. आणि काठी मांडीवर घेतलेला एक म्हातारा, जो आज झोपणार नव्हता.

टेकाडाखाली गावात दिवे लागू लागले होते. त्यांपैकी एका घरातल्या एका खोलीत दिवा नव्हता. तिथे आता कोणीतरी दाराशी उभे असेल. आता पदर खोचला असेल. आता पहिली थाप...

"बाबा," ते कसेबसे म्हणाले, "मी कोंबड्या मागायला आलो होतो. आता मागत नाही. मला त्या मागण्याचे तोंड राहिले नाही."

चिंचेवर पाखरांची जागेसाठी भांडणे चालली होती, तीही हळूहळू मिटली.

मग बाबांनी शेजारचे रिकामे डालगे उचलले, आणि मार्तंडरावांच्या हातात दिले.

"ऊठ, मार्तंडा. पाय उचल. दिवस मावळला, आणि तिच्या कोंबड्या अजून बाहेर आहेत."