कुणालाही उघडता येणारा भोंगा

नदीकाठच्या एका गावात यंत्रं बनवणारी एक बाई राहत होती. हाताला गुण आणि जिभेला धार! नदी चढू लागली की आपोआप वाजणारा गावचा भोंगा तिनंच केलेला.

पहिल्या भोंग्यात नुसत्या तारा. झाकण काढलं की गुंता बाहेर उसळायचा. उंदरानं एक तार कुरतडली, ती शोधता शोधता दिवस मावळला. शेजारची कुंभारीण खदखदून हसली, "अगं, हे यंत्र की कावळ्याचं घरटं?"

बाईला झोंबलं. तिनं तारा उपटल्या, सगळं सर्किट एकाच बोर्डावर बसवलं आणि वरून वितळलेली राळ ओतून सगळं घट्ट बंद केलं. "घे! आता मुंगीसुद्धा शिरायची नाही."

"आणि बिघडलं तर?"

"मी केलेलं बिघडत नसतं!"

बिघडलंच. आतला एक चिमुकला भाग जळाला आणि नदी चढली तरी भोंगा गप्प. बाई राळ खरवडायला बसली, तर राळेबरोबर बोर्डावरच्या वीज वाहणाऱ्या तांब्याच्या रेघाही सोलून आल्या. माणसं कशीबशी टेकडीवर पोचली. कुंभारणीची म्हैस मात्र दाव्यासकट वाहून गेली.

कुंभारीण भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मला उघडता आलं असतं, तर मीही हात लावला असता गं."

ते बाईच्या काळजात रुतलं. तिनं नवा भोंगा केला. त्यात छोटे छोटे बोर्ड: पाणी ओळखणारा वेगळा, आवाज काढणारा वेगळा. मध्ये मोजक्याच तारा, प्रत्येकीचा रंग निराळा, आणि बोर्ड हातात घेऊन उलटा करता येईल इतक्या लांब. राळेच्या जागी साधे स्क्रू. जादा बोर्ड शेजारीच ठेवले आणि कुंभारणीकडून सगळं उघडून-जोडून घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात बाई पैलतीरी लेकीकडे गेली होती. नदी फुगली, होडी बंद झाली. ज्या खुणेच्या दगडाला पाणी लागलं की भोंगा वाजायचा, त्यावर पाणी चढलं, तरी भोंगा वाजेना. पलीकडे सगळं गाव आणि बाई इकडे हात चोळत उभी!

तेवढ्यात भोंगा कडाडला. माणसं आणि गुरं टेकडी चढू लागली.

लेक चकित झाली. "आई, तू तर इथं. मग दुरुस्त केला कुणी?"

बाईनं ताठ मानेनं पदर खोचला. "कुणीही केला असेल! तसाच बनवलाय मी."

तात्पर्य: वस्तू अशी घडवावी, की आपण जवळ नसलो तरी दुसऱ्याच्या हातून ती पुन्हा चालती होईल, आणि जी आपल्याखेरीज कुणाला उघडतच नाही, तिचा तोरा मिरवू नये.