ओढ्यापलीकडचं पिल्लू

फार वर्षांपूर्वी एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन प्राणिसंग्रहालयं होती, एक मोठं, एक लहान. मोठ्यातला परदेशी पोपट पलीकडच्या गिधाडिणीला रोज हिणवायचा, “काय गं टकलूबाई, आमच्याकडे दोनशे जातींचे प्राणी! तुमच्याकडे काय, तर नुसती गिधाडं!”

पंख मोडलेली गिधाडीण आपल्या पिल्लाची पिसं चोचीने साफ करत राही. तिचा सगळा जीव त्या एकुलत्या पिल्लात अडकलेला. तिथल्या माणसांनी पिल्लू जपून वाढवलं, त्याच्या पायात खुणेचं कडं घातलं आणि एका सकाळी त्याला मोकळं सोडायला पिंजऱ्याचं दार सताड उघडलं. ‘पडलं म्हणजे?’ गिधाडीण दाराकडे सरकली. पिल्लू दारात अडखळलं, मग उडालं, ओढा ओलांडून उंच गेलं.

पोपटाने मान वर केली. “हे कुठल्या पिंजऱ्यातलं गं?”

“दोनशे मोजता येतात तुला,” गिधाडीण म्हणाली, “आणि आभाळ ओळखता येत नाही होय रे?”